पडद्यावर थांबलेलं चाक

१

कापसाच्या ढिगातून आधी एक पाय दिसला.

जयवंताबाईला वाटलं, कोणी तरी ताव मारून कोठारात पडून राहिलंय. दसऱ्याचा दिवस, परतूरच्या रामरावांच्या जिनिंगमध्ये नव्या इंजनाचा मुहूर्त, अंगणात हलगीवाल्यांनी नुसता दंगा उठवलेला. अशात एखाद्या आळशाने मऊ जागा शोधली तर नवल नव्हतं. मुहूर्ताच्या पहिल्या कापसाची पाटी भरायचा मान इंजन-डायवरच्या बायकोचा, म्हणून ती नवं लुगडं सावरत मिरवतच कोठारात शिरली होती. तिने त्या पायाला हलवलं. पाय हलला, पण माणूस हलला नाही.

तिने दोन्ही हातांनी कापूस उपसला. खाली बद्रीनाथ होता. बद्रीनाथ म्हणजे जिनाचा पारखी. कापूस चिमटीत धरून तो ओला की कोरडा, लांब धाग्याचा की आखूड, हे डोळे मिटून सांगणारा माणूस. थोड्या वेळापूर्वी त्यानेच रामरावांच्या गळ्यात हार घातला होता. आता त्याच्या कानामागचा कापूस लाल झाला होता आणि शेजारी एक लोखंडी पाना पडला होता.

पान्यावर हळदकुंकू होतं. दांड्यावर कानशीने ओढलेल्या तीन रेघा होत्या. त्या रेघा जयवंताबाईने बघितल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती खूण तिच्या नवऱ्याची होती. धुळाजी आपल्या प्रत्येक हत्यारावर ती करायचा.

तिने किंकाळी फोडली. पण त्याआधी, अगदी क्षणभर, तो पाना पदराखाली लपवावा असं तिच्या मनात येऊन गेलं.

२

निजामाच्या राज्यात ठाण्याच्या अधिकाऱ्याला अमीन म्हणत. परतूरचे अमीन आबाराव हे पोट सुटलेले, सदा लवंग चघळणारे गृहस्थ. घोड्यावरून उतरतानाही त्यांना धाप लागायची. लोक मागून हसायचे, पुढे मात्र चळाचळा कापायचे. कारण आबारावांना एक खोड होती. ते माणसाला एकदा विचारून सोडून देत, आणि माणूस निर्धास्त झाला की तेच पुन्हा विचारायला येत.

"ताजं बयान सगळ्यांचंच गोड लागतं," ते म्हणायचे. "शिळं झाल्यावर वास येतो."

कोठारात जाऊन त्यांनी मढ्याकडे कमी आणि कापसाकडे जास्त पाहिलं. मढ्याखालचा कापूस मुठीत दाबला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं. मग जिनाच्या ओसरीवर बसून एकेकाला बोलावलं. जयवंताबाई खांबाला टेकून बसून राहिली. तिला कोणी ऊठ म्हटलं नाही.

मालक रामराव आधी आले. "मी इंजनघराच्या खिडकीसमोर उभा व्हतो, बायस्कोपवाला चित्र काढून राह्यला व्हता. बद्रीनाथनं हार घातला अन् तो गेला. मंग आरतीपर्यंत मी हाललोच न्हाई. इंजन? चालूच असंल. तसा हुकूमच व्हता माझा. पण कानाशी धा हलग्या, मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना."

बायांची मुकादम गोजरबाई आली. तिच्या लेकाला बद्रीनाथने कामावरून हाकललं होतं, ते तिने स्वतःच सांगून टाकलं. "शिव्या लई घातल्या म्या त्याला. पण म्या पोरीबाळींसंगं हलगीम्होरं नाचत व्हते. समद्या गावानं पाह्यलंय मला."

काटेवाला मच्छिंद्र कापूस तोलायचा. शांत माणूस, धुळाजीचा जिवाभावाचा दोस्त. "मी काट्यापाशीच व्हतो, साहेब. तिथून कुठंच गेलो न्हाई. आन् धुळाजी असं करनार न्हाई, बिलकुल न्हाई." जाता जाता तो जयवंताबाईपाशी थांबला. "वहिनी, जिवाला लावून घेऊ नका," म्हणाला. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं.

शेवटी धुळाजी. त्याचं आणि बद्रीनाथचं मागच्या आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. इंजनाच्या तेलाचे डाग कापसाला लागतात, असं बद्रीनाथ चारचौघांत बोलला होता आणि धुळाजीने त्याची गचांडी धरली होती.

"म्या हलगी लागायच्या आधीपासून तेलाची कळ धरून बसलो व्हतो," धुळाजी म्हणाला. "इंजनाचा वेग सांभाळणारा तुकडा मुंबईहून यायचाय. तवर कळ हातानंच धरावी लागती. हात काढला की इंजन चार हिसके देतं अन् गप्प होतं. बोंब ऐकली तवा बंद करून पळत आलो."

"म्हणजे इंजन चालू असलं तर तू तिथं होतास, आणि बंद असलं तर नव्हतास."

"बराबर."

"आणि चालू होतं याला साक्षी कोण?"

धुळाजीने आजूबाजूला पाहिलं, साक्षी कोणीच नव्हता. सगळे अंगणात होते. इंजन सकाळपासून कधी चालू, कधी बंद होतं. पट्टा चढवला नव्हता, त्यामुळे जिनं, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, उभीच होती. धुराचा नळ मागच्या खड्ड्यात पुरलेला, त्यामुळे आवाज दबका. वर हलग्यांचा दणका.

तेवढ्यात बायस्कोपवाला पुंजाराम पुढे आला. गळ्यात रुमाल, तोंडात पान, जालन्यात चार जत्रा गाजवलेल्याची ऐट. "साहेब, साक्षी मी देतो. बद्रीनाथ हार घालताना, जाताना, समदं माझ्या फिल्ममध्ये हाय. अन् रामराव सेठजींच्या मागं खिडकीत इंजनाचं चाक बी हाय. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडलं व्हतं. फिल्म हैदराबादला धुवायला धाडतो, दिवाळीच्या आत येती. चाक फिरतंय का उभं हाय, उघड्या डोळ्यानं पाहा. कॅमेरा खोटं बोलत न्हाई."

जयवंताबाईने मनातल्या मनात त्याला दंडवत घातलं. चाक फिरतानाचं चित्र येणार होतं आणि तिचा नवरा सुटणार होता.

३

फिल्म आली त्या दिवशी दिवेलागणीला जिनाच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. रामरावांनी गाव लोटू दिलं. त्यांना खुनाचा छडा हवा होता की आपली छबी गावाला दाखवायची होती, हे तेच जाणे. धुळाजी आणि जयवंताबाई पुढेच बसली. तिने त्याच्यासाठी पानसुपारीसुद्धा आणली होती.

पुंजारामने दांडा फिरवायला सुरुवात केली आणि धोतरावर रामराव उमटले. लोकांनी शिट्या मारल्या. रामराव हसले, मिशीला पीळ दिला. बद्रीनाथ आला, हार घातला. तेव्हा मात्र सगळं अंगण चिडीचूप झालं. बद्रीनाथ वळला, कोठाराकडे निघून गेला. थोड्या वेळाने इंजनघराच्या कोपऱ्यावरून एक पाठमोरा माणूस मागे जाताना दिसला. फेट्याचा शेमला पार कंबरेपर्यंत लोंबत होता.

"अगं बया, मच्छिंद्र की ह्यो!" गोजरबाई ओरडली. "एवढा लांब शेमला दुसरा कोन सोडतो?"

काहीजण हसले. पण जयवंताबाई हसली नाही. ती चाकाकडे बघत होती. खिडकीत, रामरावांच्या खांद्यामागे, चाक दिसत होतं. त्याचे सहाही आरे दिसत होते.

चाक उभं होतं.

तिने डोळे चोळले. चाक जरा मागे सरकल्यासारखं वाटलं, मग पुन्हा उभं. सगळ्याच आऱ्यांवर काही तरी पांढरं लुकलुकत होतं. डोळ्यांत पाणी आलं असेल, असं तिला वाटलं. रामराव पडद्यावर मिशी कुरवाळत होते, हलगीवाले नाचत होते, माणसं येत-जात होती, आणि त्या सगळ्या गडबडीत एकटं चाक आपलं जागच्या जागी होतं.

"आरं, इंजन तर बंद हाय!" मागून कोणी तरी बोललं.

"खोटं हाय!" धुळाजी ताडकन उठला. "चालू व्हतं! म्या धरून बसलो व्हतो!"

त्याची सावली पडद्यावर पडली. जमलेल्या लोकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या उभ्या चाकाकडे पाहिलं. आबाराव जड पावलांनी पुढे आले आणि त्यांनी धुळाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

४

धुळाजीला हवालातीत टाकलं. शनिवारच्या गाडीने त्याला औरंगाबादला न्यायचं ठरलं. तिथून पुढे काय, हे कोणी बोललं नाही, पण खून केलेल्याला काय मिळतं हे परतूरला ठाऊक होतं. 

दुसऱ्या दिवशी आबाराव पुन्हा ओसरीवर बसले. पुन्हा तीच माणसं, तेच प्रश्न. रामराव वैतागले. "साहेब, आता काय राह्यलं विचारायचं? मागं म्हणालो, चालू असंल. आता चित्रच सांगून राह्यलं बंद व्हतं, तर बंदच."

गोजरबाई घुटमळली. "मला आपलं वाटत व्हतं, पायाखाली भुई थरथरली. इंजन चालू असलं की थरथरती ना, तशी. पन एवढ्या बाया नाचल्यावर बी थरथरंलच की. चित्रापुढं माझं काय?"

मग मच्छिंद्र आला. खाली मान घालून उभा राहिला. त्याने जयवंताबाईकडे एकदा पाहिलं.

"मागं काट्यापाशी होतो म्हणालास," आबाराव म्हणाले. "चित्रात इंजनघराच्या मागे चाललायस."

"चुकलो, साहेब. दोस्तापायी खोटं बोललो. मी बिडी पेटवायला इंजनघरात गेल्तो. धुळाजी तिथं नव्हता."

"आणि इंजन?"

"बंद. लई वेळ थांबलो त्याची वाट पाहत. चाकाला हात टेकून उभा व्हतो. मंग कंटाळून आलो." तो डोळे पुसत जयवंताबाईकडे वळला. "वहिनी, माफ करा. एवढं चित्रात दिसल्यावर कसं झाकू?"

जयवंताबाईला ओसरी फिरल्यासारखी झाली. परका माणूस बोलला असता तर तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण हा मच्छिंद्र होता. धुळाजी आजारी असताना रात्रभर उशाशी बसलेला. तो रडत सांगत होता आणि चित्रही तेच सांगत होतं.

आबाराव लवंग चघळत राहिले. "चाकाला हात टेकून?" त्यांनी एकदा विचारलं.

"होय, साहेब."

"बरं," म्हणाले आणि उठले. जयवंताबाई मात्र उठली ती तडक हवालातीकडे निघाली. तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला तिला भीती वाटत होती.

५

धुळाजी गजाआड भिंतीला पाठ लावून बसला होता. तिने भाकरी आत सरकवली. त्याने तुकडा मोडला.

"एक सांगा," ती हळूच म्हणाली. "रागावू नका. इंजन सोडून गेल्ता का तुमी? घडीभर तरी?"

तुकडा त्याच्या हातातच राहिला.

"मच्छिंद्र बी म्हणतो. चित्रात बी हाय. काय झालं आसंल ते मला सांगा. म्या कुनाला बोलनार न्हाई."

धुळाजीने तिच्याकडे पाहिलं. मग भाकरी परत गजाबाहेर ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं. तिने हाका मारल्या, विनवण्या केल्या, शेवटी रागाने गज हलवले. तो वळला नाही. आपण काय करून बसलो हे तिला कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

ठाण्याच्या पायरीवर ती मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. आबाराव बाहेर आले. रडणाऱ्या बाईशी काय बोलावं हे त्यांना कधीच सुधरत नसे, म्हणून त्यांनी आपलं नेहमीचंच केलं.

"सगळ्यांना दोनदा विचारलं, तुला एकदाही नाही. तू चित्रात काय पाहिलंस?"

"काय पाहनार? चाक उभं व्हतं," ती हुंदके देत म्हणाली. "मधूनच जरासं मागं सरकायचं, माझ्या डोळ्यांत पाणी व्हतं म्हणून. अन् ते वस्त्र."

"कसलं वस्त्र?"

"पूजेचं. कापसाचं. नवमीला म्या चाकाला बांधलं, घट्ट गुंडाळून. एकच उरलं व्हतं माझ्यापाशी, म्हणून एकाच आऱ्याला बांधलं. चित्रात तर साही आऱ्यांवर पांढरं दिसून राह्यलं व्हतं. कोनी मागून बांधलं की काय, कोन जाणे."

आबाराव चघळायचे थांबले.

"चाक मागं सरकायचं म्हणालीस. त्या वेळी रामराव कसे चालत होते? नेहमीसारखे?"

तिने आठवून पाहिलं. "न्हाई. पाण्यात चालल्यावानी, संथ. अन् मधी एकदा सगळी मानसं तुरुतुरु पळाया लागली, लोक हसले बघा, तवा चाक जरा म्होरं सरकलं."

"बंद पडलेलं इंजन माणसांच्या चालीबरोबर मागंपुढं का सरकेल?" आबाराव स्वतःशीच पुटपुटले, आणि पुढे त्यांनी असं काही केलं की ठाण्याचा जवान बघतच राहिला. अमीनसाहेब धावले. "जल्दी चल, बाई! तो बायस्कोपवाला गाडीला जायच्या आत गाठला पाहिजे!"

६

पुंजाराम पेट्या बांधत होता. आबारावांनी त्याला फिल्मची गुंडाळी उघडायला लावली.

"आधी मला सांग, कॅमेऱ्याचा दांडा फिरवतोस तेव्हा आत होतं काय?"

"आत झाकण असतं, साहेब. उघडतं, एक चित्र घेतं, मिटतं. पट्टी पुढं सरकती. पुन्हा उघडतं, पुन्हा चित्र. एका सेकंदाला पंधरा-सोळा. मंग तीच भराभर दाखवली की मानसं हालल्यावानी वाटतात."

"आणि झाकण मिटलेलं असताना बाहेर जे घडतं ते?"

"ते कसं येईल? कॅमेरा आंधळाच की तेवढ्यापुरता."

"हात सदा एकाच वेगाने चालतो तुझा?"

पुंजारामची ऐट जराशी उतरली. "दमतो कधी. जल्दी बी होतो. दांडा सावकाश फिरला की पडद्यावर मानसं पळतात, जल्दी फिरला की रेंगाळतात."

आबारावांनी पट्टी उन्हात धरली आणि भिंग लावलं. पट्टीवर बोटाच्या पेराएवढी रामरावांची चित्रं एकाखाली एक होती. खिडकीचे गज रेखीव होते, पण चाकाचे आरे फासल्यासारखे जाड आणि पुसट. आबारावांनी एक चित्र पाहिलं. मग खालचं. मग त्याच्या खालचं. 

"तू बघ," म्हणून त्यांनी भिंग जयवंताबाईच्या हातात दिलं. "तू बांधलेलं वस्त्र कुठल्या आऱ्याला आहे?"

तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिचं बोट एकेका चित्रावरून खाली सरकत गेलं.

"उद्या सगळ्यांना जिनात बोलावतो," आबाराव म्हणाले. "आणि एक हलगीवाला. तुला कापसाची पाटी डोक्यावर घेऊन चालता येईल ना?"

७

दुपारी जिनाच्या अंगणात सगळी जमली. धुळाजीला दोरी लावून आणलं होतं. त्याने जयवंताबाईकडे पाहिलं नाही.

आबारावांनी गोजरबाईला आणि चार बायांना बोलावलं, सहावी जयवंताबाई. सगळ्यांची लुगडी हिरवी. त्यांचा गोल फेर केला. "थांबायचं नाही. चालतच राहायचं. हलगीच्या एका ठोक्याला प्रत्येकीने पुढचीच्या जागी पोचायचं." मग बघणाऱ्यांकडे वळले. "तुम्ही डोळे मिटा. ठोका पडला की उघडा, लगेच मिटा. पुन्हा ठोक्याला उघडा."

"खेळ मांडलाय काय साहेब?" रामराव कुरकुरले, पण त्यांनीही डोळे मिटले.

हलगी वाजू लागली. बाया चालू लागल्या. फेरातून चालताना जयवंताबाईला समोरच्यांचे डोळे ठोक्यागणिक उघडताना आणि मिटताना दिसत होते. आपल्या नवऱ्याचा जीव या डोळ्यांच्या उघडझापीवर टांगलाय, हे तिच्या मनातून जात नव्हतं. एक पाऊल चुकलं तर? ती मनात ठोके मोजत राहिली.

"काय दिसलं?" आबारावांनी हलगी थांबवली.

"बाया जागच्या जागी उभ्या," रामराव चकित होऊन म्हणाले. "सहा जागी सहा बाया. कोनी हाललंच न्हाई!"

"आमी आख्खा फेर मारला की वो!" गोजरबाई म्हणाली.

"आता पुन्हा." आबारावांनी जयवंताबाईच्या डोक्यावर पांढऱ्या कापसाची पाटी दिली. हलगी वाजली. या वेळी लोक डोळे मिटता मिटताच ओरडायला लागले. "पाटी उड्या मारून राह्यली! हिच्या डोक्यावरून तिच्या डोक्यावर!"

"बाया सारख्या, म्हणून चालताहेत हे कळलं नाही. पाटी एकीच्याच डोक्यावर, म्हणून कळलं," आबाराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण आवाज चढला होता. "पुंजारामचा कॅमेराही असाच डोळे उघडतो आणि मिटतो. चाकाला सहा आरे, सगळे सारखे. दर वेळी कॅमेऱ्याने डोळा उघडला तेव्हा एका आऱ्याच्या जागी दुसरा येऊन उभा राहिलेला. त्याला वाटलं, चाक उभं आहे. पुंजारामचा हात जरा चुकला की आरा जागेवर पोचायच्या आत डोळा उघडायचा किंवा जागेच्या पुढे गेल्यावर उघडायचा, म्हणून ते मागंपुढं सरकायचं. पण या बाईने एकाच आऱ्याला वस्त्र बांधलं होतं. ही पट्टी बघा. पहिल्या चित्रात वस्त्र वरच्या आऱ्यावर. खालच्या चित्रात त्याच्या पुढच्यावर. त्याखाली त्याच्याही पुढच्यावर. चाक पूर्ण वेगात फिरत होतं. फिरत होतं, म्हणजे कळ धरून धुळाजी तिथं होता."

पट्टी हातोहात फिरली. रामरावांनी भिंगातून बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"मग पाना?" कोणी तरी विचारलं.

"पान्यावर हळदकुंकू होतं. म्हणजे तो इंजनघरातून आला नाही. खंडेनवमीला पूजलेली हत्यारं अंगणात पाटावर होती. दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा तुमचा रिवाज. सगळ्यांच्या पाठी हलगीकडे. तो कोणीही उचलू शकत होतं." आबाराव मच्छिंद्राकडे वळले. "गोजरबाईला भुई थरथरलेली जाणवली, पण चित्र पाहून ती स्वतःच्या पायांवर अविश्वास दाखवायला लागली. धुळाजीने इंजन चालवलं होतं, म्हणून तो चित्राशी भांडला. तुझंच बयान तेवढं चित्राशी हुबेहूब जुळलं. जो खरोखर इंजनघरात गेला असता, त्याने तिथं फिरतं चाक पाहिलं असतं. तू चाकाला हात टेकून उभा होतास म्हणालास."

ते पुढे आले. "दाखव तो हात."

मच्छिंद्राचे दोन्ही हात धडधाकट होते. त्याने ते मागे घेतले.

"त्या चाकाला हात टेकला असता तर खांद्यापासून गेला असता. तू इंजनघरात गेलाच नाहीस. तू मागच्या बाजूने कोठारात गेलास. बद्रीनाथखालचा कापूस मी दाबला तेव्हा ओल लागली, कुबट वास आला. पाऊस नाही, पाणी नाही. वजन वाढावं म्हणून काटेवाल्याने शिंपडलेलं पाणी होतं ते. बद्रीनाथची चिमूट ते ओळखणारच. मुहूर्ताच्या दिवशी तो मालकाला सांगणार होता ना?"

"पन..." मच्छिंद्राने पडदा लावला होता त्या भिंतीकडे बोट केलं. "पन चित्रात तर चाक उभंच व्हतं! समद्यांनी पाह्यलं की!"

"होय. आणि तूही तिथंच पाहिलंस."

मच्छिंद्र खाली बसला. त्याने धुळाजीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जवानाने धुळाजीची दोरी सोडली. ती तशीच मच्छिंद्राला लागली.

८

दोघं घरी निघाली. गल्लीतली माणसं दारात येऊन धुळाजीच्या पाठीवर थापा मारत होती. काल याच माणसांनी दारं लावून घेतली होती. धुळाजी सगळ्यांना हो हो म्हणत होता.

जयवंताबाईने चूल पेटवली. हात कामाला लागले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सुटका झाली, फास टळला, देवाने डोळे उघडले, सगळं खरं. पण गजाआडून परत आलेली भाकरी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. हे गिळून टाकलं तर जन्मभर घशात अडकून राहील, असं तिला वाटलं.

तिने ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

"म्या मानलं व्हतं," ती म्हणाली. "हवालातीत इचारलं तवा नुसतं इचारलं न्हाई. चित्र पाह्यलं, मच्छिंद्राचं ऐकलं, अन् मानलं की तुमी केलं आसंल. तुमी काय बी म्हणा आता मला."

धुळाजी ताटाकडे बघत होता. चुलीत लाकूड फुटलं. तिला वाटलं, आता हा उठून जाणार.

"तू इचारलंस तवा मी तोंड फिरवलं," तो म्हणाला. "तुझ्यावरच्या रागानं न्हाई."

"मंग?"

"चित्रात चाक उभं पाह्यलं ना, तवापासून मी आठवून राह्यलो व्हतो. कळ हातात व्हती का? सोडली व्हती का? बद्रीनाथशी भांडण झालं व्हतं, डोकं फिरलेलं व्हतं. मधी उठलो असंन का, कोठारात गेलो असंन का, अन् मलाच ठावं न्हाई." त्याने आपले तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. "तू इचारलंस, अन् मला न्हाई म्हणता येईना, जयवंता. मी बी मानलं व्हतं."

 तिने हात पुढे केला आणि त्याचा तेलाने काळा पडलेला हात धरून ठेवला. भाकरी निवत चालली होती. बऱ्याच वेळाने त्याने दुसऱ्या हाताने तुकडा मोडला, आधी तिच्या तोंडाशी धरला, आणि मग स्वतः खाल्ला.